माया मिळाली की भीती का वाटते?

वाचकाचं पत्र:

ताई,

मी एकतीस वर्षांची आहे. नोकरी चांगली आहे, मित्रमैत्रिणी आहेत, बाहेरून बघणाऱ्याला माझं सगळं छान चाललंय असंच वाटेल. पण नात्यात मी दर वेळी त्याच ठिकाणी येऊन ठेचकाळते. याआधीची दोन्ही नाती अशा पुरुषांशी होती, जे कधी भरभरून बोलायचे आणि कधी आठवडाभर गायब व्हायचे. मी वाट बघायची, समजून घ्यायची, माफीसुद्धा मीच मागायची. दुसरा तर माझा फोन तपासायचा, मैत्रिणींना भेटू द्यायचा नाही. तिथून बाहेर पडायला मला फार वेळ लागला.

आता दीड वर्ष मी एका शांत, प्रेमळ माणसाबरोबर आहे, आणि हे नातं मीच मोडायला निघाले आहे. तो कामात असला, तासभर मेसेजला उत्तर आलं नाही, की माझ्या पोटात गोळा येतो. मेसेज लिहिते, पुसते, पुन्हा लिहिते. तो घरी आला की एक तर फटकारते, नाही तर गप्प होते. परवा त्याने जवळ येऊन विचारलं, "काय झालं, सांग ना," आणि मला इतका संताप आला की मी म्हणाले, "हे नाटक बंद कर." त्याचा चेहरा पडला. मग रात्रभर मी रडून माफी मागत राहिले आणि तोच मला समजावत राहिला.

लहानपणी मला कुणी मारलं नाही. आईला राग आला की ती बोलणं बंद करायची. कधी दोन दिवस, कधी चार. शाळेच्या वहीवर सही करायची, पण मान वर करून बघायची नाही. माझं काय चुकलं ते कधी कळायचं नाही. बाबा म्हणायचे, "आईला त्रास देऊ नकोस." मग एक दिवस ती अचानक नेहमीसारखी बोलायला लागायची आणि झाल्या गोष्टीचं नाव कुणी काढायचं नाही.

एका थेरपिस्टकडे दोनदा गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी हळू आवाजात विचारलं, "हे सांगताना आत्ता शरीरात काय जाणवतंय?" मला कारण नसताना राग आला. परत गेलेच नाही. ज्यांच्यावर खरेखुरे अत्याचार झाले त्यांच्यापुढे माझं हे दुखणं ते काय? जुनं उकरून काही होतं का? आईशी बोलू का? की मी मुळातच बिघडलेली आहे आणि या चांगल्या माणसाला मोकळं करणंच बरं?

– एक वाचक


उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

तू मला ताई म्हटलंस, तेव्हा मीही अहो-जाहो करत नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नातं ठेवायचं की सोडायचं हे आत्ता ठरवू नकोस. पोटात गोळा आलेला असताना घेतलेला निर्णय त्या गोळ्यापासून सुटण्यासाठी घेतलेला असतो. तो माणूस तुझ्यासाठी योग्य आहे की नाही, हे त्यातून काहीच कळत नाही. ते मन ठिकाणावर असलेल्या दिवशी बघू.

आता मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त काय जाणवलं ते सांगते. जोडीदाराने जवळ येऊन विचारपूस केली आणि तुझा संताप झाला. थेरपिस्टने हळू आवाजात प्रश्न विचारला आणि तू परत गेली नाहीस. या दोन गोष्टी तू पत्रात लांब लांब लिहिल्या आहेस, त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तुला वाटलेलं दिसत नाही. मी त्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. दोन्ही वेळा समोरचं माणूस चिडलेलं नव्हतं, तुला टाळत नव्हतं, मायेने चौकशी करत होतं. आठवडा आठवडा चालणारे अबोले तू आधीच्या नात्यांत निभावून नेलेस, आणि मायेचं एक वाक्य तुला झेपलं नाही. तुझं दुखणं मला इथे दिसतं, आणि बरं होण्याची सुरुवातही इथूनच होईल असं वाटतं.

"कारण नसताना राग आला," असं तू लिहितेस. कारण आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात काही महिन्यांच्या बाळांबरोबर एक साधा प्रयोग केला. आई आधी बाळाशी नेहमीसारखी खेळते. मग ठरल्याप्रमाणे ती चेहरा एकदम कोरा करते. बाळाकडे बघत राहते, पण हसत नाही, बोलत नाही, कशालाच प्रतिसाद देत नाही. हे चालतं जेमतेम दोन-तीन मिनिटं. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. आईला परत आणण्याचे त्याला येतात तेवढे सगळे उपाय करतं. काहीच चाललं नाही की मान वळवतं, मलूल होतं, रडतं. त्यानंतर आई पुन्हा हसून बोलायला लागते, आणि हा भाग तू नीट लक्षात घे. बाळ लगेच पहिल्यासारखं होत नाही. ते आईकडे झेपावतं आणि त्याच वेळी कुरकुरतं, अंग चोरतं. माया परत आली तरी मधल्या दोन मिनिटांचा हिशेब त्याच्या अंगात शिल्लक असतो.

तुझ्या घरी ही दोन मिनिटं नव्हती, चार दिवस होते. आणि ते संपल्यावर कुणी काही बोलायचं नाही, त्यामुळे कुरकुरण्याचीसुद्धा सोय नव्हती. आई बोलायला लागली की तू लगेच खूश दिसायचं, नाही तर ती पुन्हा गप्प होईल. ती कुरकुर तेव्हा करायची राहून गेली. आज तुझ्यासमोर मायेने बसणाऱ्या माणसाच्या वाट्याला ती येते आहे. त्याने तुला काही केलं म्हणून नाही. त्याच्यापुढे राग दाखवला तरी तो निघून जाणार नाही, असा अंदाज तुझ्यातल्या कुठल्यातरी भागाने बांधलाय म्हणून.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याच सुमारास वर्षभराच्या मुलांचं निरीक्षण केलं होतं. आई थोडा वेळ खोलीबाहेर जाते आणि परत येते, एवढाच प्रसंग. काही मुलं आई परतल्यावर तिला बिलगतात आणि पुन्हा खेळायला लागतात. काही तिच्याकडे बघतच नाहीत. आणि काही मुलं हात वर करून उचलून घ्यायला लावतात, उचललं की हातपाय झाडतात, दिलेलं खेळणं फेकतात, खाली ठेवलं की पुन्हा रडतात. आईवर भरवसा ठेवावा की नाही हेच ज्यांना ठरवता येत नाही, त्यांचं असं होतं. परवाची तुझी रात्र आठव. आधी "नाटक बंद कर", मग रात्रभर रडून माफी. तुझ्यात काही विकृत आहे म्हणून हे घडलं नाही. ज्या घरात माया कधी बंद होईल आणि कधी सुरू होईल याचा नेम नव्हता, तिथे हे शिकलेलं आहे.

एक विनंती करते. या निरीक्षणांवरून तयार झालेली लेबलं ("अँक्शस", "अव्हॉयडंट" वगैरे) हल्ली सगळीकडे फिरतात, लोक ती स्वतःला आणि एकमेकांना चिकटवत सुटतात. तू तसं करू नकोस. एन्सवर्थ मुलांच्या वागण्याचं वर्णन करत होत्या, भविष्य सांगत नव्हत्या. पुढे 1980 च्या दशकात त्यांच्या विद्यार्थिनी मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांच्या बालपणाबद्दल सविस्तर मुलाखती घेतल्या. त्यातून दिसलं ते मला फार मोलाचं वाटतं. माणसाच्या लहानपणी काय घडलं याहीपेक्षा तो आज ते कसं सांगू शकतो, याचा त्याच्या आताच्या नात्यांशी जास्त संबंध दिसला. ज्यांचं बालपण कठीण गेलं, पण ज्यांना त्याची गोष्ट सलग सांगता येत होती, रागाने वाहवून न जाता आणि "तसं काही नव्हतं" म्हणून उडवूनही न लावता, ती माणसं नात्यात बऱ्यापैकी स्थिर होती. ही स्थिरता त्यांनी मोठेपणी कमावलेली होती. बहुतेक वेळा कुणाच्या तरी सोबतीने.

"खरेखुरे अत्याचार" झालेल्यांशी तू स्वतःची तुलना करतेस. ती तुला फार जुन्या सवयीने सुचलेली आहे. घरात तुझ्या दुःखाचं नाव कुणी काढत नव्हतं, म्हणून तूही काढत नाहीस. कुणाला किती सोसावं लागलं याची स्पर्धा लावून कुणाचंच दुखणं कमी झालेलं मी पाहिलेलं नाही.

आणि "मी मुळातच बिघडलेली आहे" हे कुठून आलं? रोनाल्ड फेअरबेर्न नावाचे स्कॉटिश मनोविश्लेषक होते. ज्या मुलांना घरात वाईट वागणूक मिळाली ती मुलं आईवडिलांना दोष द्यायला तयार नसतात, सगळा दोष स्वतःकडे घेतात, हे त्यांनी 1940 च्या दशकात मांडलं. त्यामागचा हिशेब अगदी मुलाच्या जागी उभं राहून केलेला आहे. आईच बेभरवशाची असेल तर मुलाला जायला जागाच उरत नाही. पण दोष माझा असेल तर मी सुधारू शकते, आणि मी सुधारले की आई बोलेल. निदान आशा तरी राहते. तू शाळेत असताना वही पुढे करून, सही करणाऱ्या हाताकडे बघत उभी राहायचीस, तेव्हा "माझंच काहीतरी चुकलं" या विचाराने तुला आधार दिला. त्या वयात त्याहून चांगला विचार तुला उपलब्ध नव्हता. आज तो खोटा आहे, पण तू त्याच्याशी भांडून त्याला हाकलू नकोस. त्याने तुझी सोबत केली आहे.

आधीचे दोघं तू का निवडलेस, याचं उत्तरही यातच आहे. त्रास हवा होता म्हणून निवडले असं मला वाटत नाही, आणि कुणी तसं म्हटलं तर ऐकून घेऊ नकोस. गायब होणारा माणूस तुला वाचता येत होता. त्याच्यासोबत काय करायचं हे तुला पाठ होतं. थांबायचं, मागे मागे फिरायचं, माफी मागायची. या शांत माणसाबरोबर तुला काहीच पाठ नाही. घर शांत आहे याचा तुझ्या शरीराला माहीत असलेला अर्थ एकच, आता काहीतरी बिनसणार. म्हणून तू आधीच ठिणगी टाकतेस. भांडण झालं की निदान वाट बघणं तरी संपतं.

आता त्या थेरपिस्टच्या प्रश्नाकडे येते. शरीरात काय जाणवतंय हे त्यांनी विचारलं, कारण धोक्याची सूचना शरीर आधी देतं आणि विचार मागून येतो. मेसेज आला नाही की छाती धडधडते, पोट आवळतं, आणि मग मन त्याला साजेशी गोष्ट रचतं: तो कंटाळला, तो चिडला, तो जाणार. ही गोष्ट खोटी आहे हे स्वतःला कितीही पटवलं तरी पोट ऐकत नाही. म्हणून थेरपिस्ट थेट पोटाशी बोलायला गेल्या. प्रश्न योग्य होता. तुझ्यासाठी थोडा लवकर आला असेल, एवढंच.

पॉल गिल्बर्ट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने करुणेवर आधारलेली एक उपचारपद्धती उभी केली, तिच्या मुळाशी असंच एक निरीक्षण आहे. दीर्घकाळ नैराश्यात असलेले, स्वतःची फार लाज वाटणारे त्यांचे पेशंट "यात माझा दोष नव्हता" अशी वाक्यं व्यवस्थित शिकायचे. तरी बरं वाटायचं नाही. हे वाक्य तुम्ही मनात कोणत्या सुरात म्हणता, असं विचारल्यावर कळलं की सूर तुसडा होता, दरडावणारा होता. शब्द दिलाशाचे आणि आवाज फटकारणारा. मग त्यांनी सुरावर काम सुरू केलं. आणि तेव्हा आणखी एक गोष्ट समोर आली. कित्येकांना माया सोसतच नव्हती, ना दुसऱ्याकडून, ना स्वतःकडून. कुणी मऊ बोललं की त्यांना भीती वाटायची, रडू यायचं, राग यायचा. या भीतीचा अंदाज घेण्यासाठी गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये एक प्रश्नावलीही प्रसिद्ध केली. म्हणजे तुझ्यासारखी माणसं पुष्कळ आहेत आणि उपचार करणाऱ्यांना ती माहीत आहेत. बराच वेळ अवघडलेला पाय सरळ केला की आधी सणसणून मुंग्या येतात, तसं हे आहे. दबलेली नस पुन्हा जागी होत असल्याचं ते दुखणं असतं.

म्हणून माया तुला थोडी थोडी घ्यावी लागेल. चांगली थेरपी हेच करते. करुणेने काम करणं म्हणजे लाड करणं किंवा तुझ्या प्रत्येक वागण्याला मान डोलावणं असं काही जण समजतात. प्रत्यक्षात ते बरंच शिस्तीचं काम आहे. समज, तू त्या वहीबद्दल सांगायला लागलीस आणि तुझं बोलणं भरभर व्हायला लागलं, हात गळ्याशी गेला. जाणकार थेरपिस्ट तिथे अजून तपशील विचारणार नाहीत. त्या म्हणतील, जरा थांबू या, पाय जमिनीला टेकलेत ना ते बघ, खोलीत डोळे फिरव. श्वास खाली आला की विचारतील, आज पुढे जायचं की इथेच थांबायचं? आणि तू "थांबायचं" म्हणालीस तर खरोखर थांबतील. तुला हे छोटं वाटेल. पण तुझ्या लहानपणी अबोला कधी सुरू व्हायचा आणि कधी संपायचा यात तुला काडीचंही मत नव्हतं. इथे तुझ्या एका शब्दावर गोष्ट थांबते, आणि थांबूनही समोरचं माणूस तुझ्याकडे बघत राहतं. असं बऱ्याचदा घडावं लागतं.

जुनं उकरून काही होतं का, हा तुझा प्रश्न रास्त आहे. नुसतं उकरून काही होत नाही, कधी कधी त्रास वाढतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी 1992 मध्ये आघातातून बरं होण्याचे तीन टप्पे मांडले. आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग पुन्हा माणसांत मिसळणं. आजही पुष्कळ थेरपिस्ट हाच क्रम डोळ्यांसमोर ठेवतात. तू पहिल्या टप्प्यावर आहेस. झोप, जेवणखाण, पोटातला गोळा आला तर काय करायचं, कुणाला फोन करायचा, हे आधी बसवायचं. शोक करण्याबद्दल मात्र आत्ताच सांगून ठेवते, कारण ते कळलं नाही तर लोक घाबरून थेरपी सोडतात. बरं वाटायला लागलं की एका टप्प्यावर फार रडू येतं. जी आई मिळायला हवी होती ती मिळाली नाही आणि आता ते लहानपण परत येणार नाही, हे कळल्याचं ते रडू असतं. तेव्हा "मी आणखी बिघडले" असं समजू नकोस.

उपचारांचे प्रकार वेगवेगळे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये आघातोत्तर ताणाच्या आजारासाठी आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर (आठवण मनात आणताना डोळ्यांच्या हालचालींची मदत घेणारी पद्धत) यांची शिफारस केली. संघटनेच्या आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत, म्हणजे 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये, दीर्घकाळ चाललेल्या आघाताच्या परिणामांना वेगळं निदानही आहे. त्यात भावना आवरता न येणं, आपण कवडीमोल आहोत असं वाटणं आणि नाती टिकवताना होणारी ओढाताण यांचा विचार केलेला आहे. हे निदान तुला लागू पडतं की नाही ते मी पत्रावरून सांगणार नाही, तूही परस्पर ठरवू नकोस. झोप उडाली असेल, दिवसच्या दिवस मन उठत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांनाही भेट, काही काळ औषधाची मदत लागू शकते. आणि जगणं नको असं वाटलं किंवा स्वतःला इजा करावीशी वाटली, तर थेरपीच्या पुढच्या तारखेची वाट बघू नकोस. त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांग आणि थेट हॉस्पिटल गाठ.

त्या मेसेजच्या तासाभराचं काय करायचं? लिहिण्यापुसण्याऐवजी फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि कागद घे. किती वाजले ते लिही. शरीरात काय होतंय ते साध्या शब्दांत लिही: पोट आवळलंय, हात गार आहेत. मग श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लागेल असे काही श्वास घे. आणि मोठ्याने म्हण, "तुला भीती वाटते आहे. त्याचं उत्तर आलेलं नाही, एवढंच आत्ता माहीत आहे." हे म्हणताना आवाजाकडे लक्ष दे. तुझ्या मैत्रिणीचं लहान मूल घाबरून तुझ्याकडे आलं तर जसं बोलशील तसं बोल. पहिल्यांदा फार खोटं वाटेल, कदाचित रागही येईल. राग आला तर तोही कागदावर लिही, "माया केली की राग येतोय" असा. त्याला दडपण्याची गरज नाही. सुरुवातीला भीती कमी होणार नाही. त्या भीतीत तू एकटी नव्हतीस, एवढंच घडेल, आणि त्याने फरक पडतो.

तो घरी आल्यावर त्याची परीक्षा घेऊ नकोस. तू गप्प बसून बघतेस की तो ओळखतो का, हे मी गृहीत धरते आहे, कारण बोलून मागायची सोय नसलेल्या घरातली मुलं हेच करतात. एक वाक्य सांग: "तुझं उत्तर आलं नाही की मला वाटतं माझं काहीतरी चुकलं. आत्ता समजावू नकोस, नुसता शेजारी बस." यात आरोप नाही आणि त्याला करण्यासारखं काहीतरी आहे. त्याच्याशी एक साधा करारही करता येईल. तो कामात अडकणार असेल तर आधी दोन शब्द टाकेल. ते राहून गेलं तर तू ते विसरणंच समजशील. आणि त्याला गप्प बसायची गरज वाटली, माणूस आहे, वाटणारच, तर तो सांगून गप्प बसेल: "मला थोडा वेळ दे, जेवायच्या वेळी बोलू," आणि त्या वेळी खरंच बोलेल. सांगून घेतलेला अवकाश आणि तुझ्या आईचा अबोला यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक तुझ्या शरीराने अनुभवायला हवा.

भांडण झाल्यावरचं जरा परखडपणे लिहिते. त्याच्यावर फेकलेलं वाक्य त्याला लागलं. तुझ्या लहानपणामुळे ते समजून घेता येतं, पण त्याचं लागणं खोटं ठरत नाही. त्याची माफी मागायलाच हवी. पण रात्रभर रडून स्वतःला शिव्या देणं ही माफी झाली नाही. तेव्हा जखमी तो असतो आणि सांत्वन मात्र त्यालाच करावं लागतं. हे बरेच दिवस चाललं तर प्रेमळ माणूसही थकतो. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी, डोळ्यांत डोळे घालून म्हण, "काल मी जे बोलले ते चुकीचं होतं, तुला लागलं असणार." आणि तो काय म्हणतो ते ऐक. मध्ये स्वतःची बाजू नको, स्वतःची निंदाही नको. ट्रॉनिक यांच्या पुढच्या कामातला एक निष्कर्ष मला यासाठी फार जवळचा वाटतो. अगदी सुदृढ नात्यातही आई आणि बाळाचे सूर बहुतेक वेळ जुळलेले नसतात. सूर बिघडतो, दोघं पुन्हा जुळवून घेतात, परत बिघडतो. बाळाचा विश्वास या जुळवण्यातून बसतो. तुझ्या घरात बिघडायचं, पण जुळवणं कधी कुणी दाखवलंच नाही. एक दिवस सगळं गुपचूप पहिल्यासारखं व्हायचं. म्हणून तुला प्रत्येक बिघाड शेवटचा वाटतो.

इथे एक गोष्ट सगळ्याच वाचकांसाठी लिहायला हवी. हे सगळं मी एका सुरक्षित माणसाबद्दल लिहिते आहे. जो हात उगारतो, फोन तपासतो, माणसं तोडायला लावतो, त्याच्याबरोबर असताना पोटात येणारा गोळा हा जुन्या आठवणीचा खेळ नसतो. तो खरा इशारा असतो. तिथे श्वासाचे व्यायाम करून शांत व्हायचं नाही, मदत घेऊन बाहेर पडायचं. तुझ्या दुसऱ्या नात्यात तुझं शरीर बरोबर सांगत होतं आणि तू अखेरीस त्याचं ऐकलंस. आपण धोका ओळखू शकतो याचा तो पुरावा तुझ्याकडे आहे. तो मोडीत काढू नकोस.

आईशी आत्ता बोलू नकोस, असं माझं मत आहे. तू तिच्याकडून एक वाक्य ऐकायला जाशील, "माझं चुकलं," आणि ती बहुधा म्हणेल, "मी असं कधी केलं?" किंवा पुन्हा गप्प होईल. ते झेलण्याची ताकद आत्ता तुझ्यात नाही, आणि नसली तर त्यात वावगं काही नाही. कदाचित तिलाही राग शब्दांत सांगायला कुणी शिकवलं नसेल, तिच्याही लहानपणी कुणीतरी असंच पाठ फिरवून बसलं असेल. तिचं हे दुःख समजलं म्हणजे तुझा राग संपला पाहिजे असं नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतं. "आईला माफ कर म्हणजे मोकळी होशील," असं सांगणारे पुष्कळ भेटतील. माफी ही बरं होण्याची अट नाही. पुढे कधी ती आतून आली तर येऊ दे, नाही आली तरी तुझं आयुष्य अडणार नाही.

त्या थेरपिस्टकडे परत जा, असं मी सुचवेन. जाऊन सांग की, "तुम्ही शरीराबद्दल विचारलंत तेव्हा मला फार राग आला होता, म्हणून मी आले नाही." हे वाक्य म्हणणं तुला जड जाईल, कारण तुझ्या घरात झालेल्या गोष्टीचं नाव काढायची पद्धत नव्हती. आणि मग त्या काय करतात ते बघ. त्यांनी ते शांतपणे ऐकलं, तो राग कसा होता हे विचारलं, "मी घाई केली असेन का?" असं म्हटलं, तर तुझं काम तिथेच सुरू झालं असं समज. त्या दुखावल्या, सारवासारव करू लागल्या, किंवा तुझ्या जोडीदाराला न भेटताच त्याच्याबद्दल निवाडा द्यायला लागल्या, तर दुसरं कुणी शोध. पहिल्याच दोन-तीन भेटींत सगळं तपशीलवार सांगायचा आग्रह धरणारे, गुप्ततेबद्दल स्पष्ट न बोलणारे, "इतक्या दिवसांत बरी करतो" अशी हमी देणारे, यांच्यापासूनही लांब राहा.

हे उत्तर जोडीदाराला दाखवावंसं वाटलं तर दाखव, पण भांडण चालू असताना नको, आणि "बघ, मी अशी का आहे" म्हणून पुढे करायला तर नकोच. एखाद्या निवांत दिवशी दोघं मिळून वाचा. वाचून झाल्यावर त्याला विचार की, या दीड वर्षात त्याला कधी एकटं वाटलं का. तो काय सांगतो ते ऐकताना पोटात गोळा आला तर त्याला तसं सांग, आणि पुढचं दुसऱ्या दिवशी ऐक.

तुझी,
ताई